छडी आणि भाकरी

श्रीगोंद्यास येणारा पाहुणा बहुधा दोनच गोष्टींची चौकशी करतो. शिंद्यांचे वाडे कोठे आहेत आणि शेख महंमदबाबांचे स्थान कोणत्या बाजूस आहे? या प्रश्नांची उत्तरे देण्यात माझी उभी हयात गेली, कारण मी येथल्याच एका शाळेत इतिहास शिकवीत असे. गावाचे जुने नाव चांभारगोंदे, ते गोविंद नावाच्या एका भाविक चर्मकारावरून पडले असे सांगतात, इथपासून माझी सुरुवात होई आणि पाहुणा घड्याळाकडे पाहू लागला की मी थांबत असे. गतवर्षी मात्र मीच पाहुण्यासारखा गावभर चौकशी करीत हिंडलो, आणि ती ऐकून लोक मनसोक्त हसले. मी विचारीत होतो, "कुत्र्याला न मारता शिकवणारा कोणी आपल्याकडे आहे का हो?"

कुत्रा आमचा गावठी, नाव मोती. नातवाने तो भर पावसात श्रीगोंदा रोड स्टेशनच्या फलाटावरून शर्टाच्या आत घालून घरी आणला. मोठा झाल्यावर त्याने जे उपद्व्याप केले त्यांची यादी देत नाही. सत्यनारायणाला आलेल्या भटजींचे उपरणे परसात नेऊन त्याने पुरले, एवढे एक उदाहरण पुरे. तेव्हा कोणीतरी एका शहरातल्या प्रशिक्षकाचे नाव सुचवले. मी पैसे मोजले. तीन आठवड्यांनी मोती परत आला तो अगदी परीट घडीचा. 'बस' म्हटले की बसे, 'थांब' म्हटले की थांबे. अंगणात प्रात्यक्षिक झाले, शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सौभाग्यवती तेवढ्या गप्प होत्या. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, "बसतो खरा. पण त्याची शेपूट कुठं आहे ती बघितलीत का?"

मी बघितली नव्हती. ती पोटाखाली होती.

चार दिवसांनी दिवाळीची साफसफाई निघाली. मी जळमटे काढायला लांब दांड्याचा झाडू उचलला, आणि मोतीने उभ्या जागी लघवी केली व तो पलंगाखाली सरपटत गेला. आठवड्याने नातवाने खेळायला म्हणून बॅट उचलली. मोती बसलेला होता. त्याला उठायचा हुकूम नव्हता. त्याने बसल्या जागेवरूनच पोराचे मनगट धरले. दोन दात उमटले. नातवाला लसीची इंजेक्शने घ्यावी लागली, आणि त्या रात्री घरात जी बैठक बसली तिचा निकाल असा की मोतीला भीमेपलीकडे नेऊन सोडावे. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. घरच्या लोकांनी ती दिली ती माझ्या वयाकडे पाहून.

त्या प्रशिक्षकाला चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो, पण तसे जमेना. पैसे मोजणारा मी होतो. शिवाय माझ्या पुस्तकांच्या कपाटावर निरगुडीचा एक फोक अजून पडून आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली तेव्हा तो मी तेथे ठेवला. त्यापूर्वीची बरीच वर्षे तो माझ्या हातात असे. मोती ज्या नजरेने झाडूकडे पाहत होता ती नजर मला अनोळखी नव्हती.

तर मी शोधाला निघालो. फोनवर नगरचे, पुण्याचे बरेच जण गाठले. आपल्याकडे पट्टा हातात धरील तो कुत्र्यांचा मास्तर, त्यामुळे निवड कशी करावी हेच कळेना. शेवटी मी एकच प्रश्न ठरवून टाकला: "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" या प्रश्नाने माणूस चटकन ओळखता येतो. एक म्हणाले, "एकदा अद्दल घडवली की जन्मभर काम नाही." दुसरे म्हणाले, "कुत्र्याला कळलं पाहिजे मालक कोण ते." तिसऱ्यांनी पंधरा दिवसांची हमी दिली, पण शिकवताना मला पाहू देणार का म्हणताच त्यांना दुसरा फोन आला.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात एक वृद्ध धनगर भेटला. त्याच्या पायाशी दोन आडदांड कुत्री निवांत पडली होती. त्याला मी माझा प्रश्न घातला. तो म्हणाला, "गुरुजी, कुत्र्याला शिकवायचं असतंय व्हय? पिलू असतानाच मेंढरांत सोडायचं, त्यांच्यातच वाढतंय. आपुन भाकर खाताना त्याला तुकडा टाकायचा."

"आणि चुकलं तर? मेंढरामागं धावलं तर?"

"बांधायचं दोन दिस. मारून काय हुतंय? मारलेलं कुत्रं रातच्याला भुकत न्हाई. लांडगा आला की दडून बसतंय."

आमच्या जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगा अजून आहे, त्यामुळे त्याचे हे बोलणे व्यवहाराचे होते. मार खाल्लेला कुत्रा आवाज न करण्यात शहाणपण मानतो. मेंढपाळाला मात्र आवाज करणारा कुत्रा हवा असतो.

तेथून परतताना माझ्यातला इतिहासशिक्षक जागा झाला. आपल्या देशात कुत्रा आणि माणूस यांचा सहवास फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुत्री घेऊन रानावनांवर पहारा करणाऱ्या पारध्यांचा उल्लेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे काही अगदी प्राचीन नमुने त्यात सापडतात म्हणून अभ्यासक त्याला मानतात. पण त्यातच राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, 'सारमेयविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा, देवांच्या सरमा नावाच्या कुत्रीचा वंशज. राजाने आपल्या ग्रंथात हत्ती-घोड्यांबरोबर कुत्र्यालाही जागा दिली, हे मला शाळेत असताना कधी सांगावेसे वाटले नाही.

साताऱ्याच्या शाहू महाराजांची गोष्ट वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. वाघाच्या शिकारीत एका कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे की, महाराजांनी त्या कुत्र्यास जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा भर दरबारात त्याला जरीचे वस्त्र व दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. संगम माहुलीला त्या कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. पालखीची नोंद झाली, पगडीची झाली. कुत्र्याला भाकरी घालणारा आणि हाकेला ओ द्यायला शिकवणारा नोकर कोण होता, हे डफ सांगत नाही. आमच्या विषयातली ही नेहमीचीच रड आहे.

शिकवण्याच्या कलेविषयी खरी माहिती मिळते ती कुत्र्यापेक्षा पाखरांच्या शास्त्रात. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचा 'श्यैनिकशास्त्र' हा ग्रंथ ससाण्यांच्या शिकारीवर आहे. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. ससाण्याला मारून शिकवता येत नाही, याला कारण साधे आहे: शिकार करायची तर त्याला आकाशात सोडावेच लागते आणि सोडल्यावर परत यायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर असते. तो परततो तो मुठीवरच्या मांसाच्या तुकड्यासाठी. तेव्हा जगातल्या प्रत्येक बाजदाराला, अरबाला, मोगलाला वा मराठ्याला, छडी खुंटीला टांगूनच ही विद्या शिकावी लागली. कुत्र्याचे दुर्दैव असे की त्याला पंख नाहीत आणि त्याच्या गळ्यात पट्टा बांधता येतो.

मौज अशी की ज्या १९१० साली कलकत्त्यास हे पाखरांचे शास्त्र छापले गेले, त्याच साली जर्मनीत कोनराड मोस्ट या अधिकाऱ्याचे कुत्र्यांच्या शिक्षणावरचे पुस्तक निघाले. मोस्ट पोलिसी कुत्रे तयार करीत असे. शाबासकीचे महत्त्व त्याला कळत नव्हते असे नाही; पण त्याच्या शिस्तीत सक्ती, गळ्याचा झटका आणि चाबूक यांना मानाचे स्थान होते. पुढे पहिले महायुद्ध आले, सैन्यांना हजारो कुत्रे लागले, आणि बराकीतली ही रीत लढाई संपल्यावर मुलकी जगात उतरली. १९६२ साली अमेरिकेत विल्यम केलर याचे पुस्तक आले. तेही साखळीच्या झटक्यावर उभे होते. आज 'मालक कोण ते कळलं पाहिजे' असे जो म्हणतो, त्याला आपण आजोबांच्या काळचे काही बोलतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात तो परक्या पलटणीची कवायत म्हणत असतो.

या 'मालक कोण' ला पुढे लांडग्यांचाही दाखला मिळाला. बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून रुडॉल्फ शेंकेल याने १९४७ साली लिहिले आणि कळपात एक दांडगा म्होरक्या असतो ही कल्पना रूढ झाली. अमेरिकेच्या डेव्हिड मेकने १९७० च्या आपल्या ग्रंथात तिला उचलून धरले. पण हाच मेक पुढे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर जाऊन मोकळे लांडगे पाहत राहिला, आणि १९९९ साली त्याने लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. स्वतःचेच गाजलेले मत स्वतःच मोडून काढणारा अभ्यासक विरळा. मी तरी आमच्या क्षेत्रात असे फार पाहिले नाहीत.

असो. मुदतीचे अकरा दिवस संपले आणि माझा मास्तर मला मिळाला तो माझ्याच हजेरीपटात. पेडगावच्या वाटेवर माझा एक जुना विद्यार्थी राहतो. तो पोलिसांच्या श्वानपथकात होता, निवृत्त होऊन शेती पाहतो. हे मला मुळात ठाऊक असायला हवे होते. पण इतकी वर्षे पेडगाव म्हटले की मला बहादुरगड दिसे आणि १६८९ साली तेथे आणलेले संभाजी महाराज दिसत, तेथे आज राहणारी माणसे दिसत नसत.

त्याला मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चुकला तर मी काहीच करत नाही, सर. पुढच्या वेळी सोपं करून देतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्हीही साखळीचे झटके देत होतो, खोटं कशाला सांगू? पण वासाचं काम झटक्यानं होत नाही. कुत्र्याला वास आला की नाही हे फक्त कुत्र्यालाच माहीत. त्याला मारून तुम्ही काय विचारणार?"

त्याने झंजीरचे नाव काढले. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी या एका कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढले; २००० साली तो वारला तेव्हा त्याला मानवंदना देण्यात आली. हे काम खेळ आणि बक्षीस यांच्याच जोरावर चालते: स्फोटकाचा वास लागला की आवडते खेळणे मिळणार, एवढाच कुत्र्याचा हिशेब. आणखी एक योगायोग त्यानेच मला सांगितला. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० साली सुरू झाले ते टेकनपूरला, म्हणजे ग्वाल्हेरच्या अंगणात. श्रीगोंद्याहून निघालेली वाट शिंद्यांमुळे ग्वाल्हेरला पोहोचते हे मी वर्गात शेकडो वेळा शिकवले होते. ती कुत्र्यांपर्यंतही पोहोचते हे शिष्याकडून कळले.

पहिल्या दिवशी तो आमच्या अंगणात मोतीकडे पाठ करून बसला. पाव तास तो काही बोलला नाही. मधूनमधून उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा मागे टाकी. मी विचारले, "धडा केव्हा सुरू होणार?" तो म्हणाला, "सुरू झालाय, सर."

दुसऱ्या दिवशी त्याने झाडूचा दांडा वीस पावलांवर जमिनीवर नुसता ठेवला. मोतीने त्याच्याकडे पाहिले की अंड्याचा तुकडा. दांडा दृष्टिआड, तुकडा बंद. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी दांडा दिसायला हवा आणि मग खाऊ यायला हवा; उलटे केले तर कुत्रा अंड्यालाच घाबरू लागतो, कारण अंड्यानंतर दांडा येतो हे तो ताडतो. रशियाच्या पावलोव्हने कुत्र्यांच्या लाळेवर जे प्रयोग केले त्यांचे मर्म हेच. तो पचनक्रियेचा अभ्यासक, १९०४ चे नोबेल पारितोषिक त्याला त्यासाठीच मिळाले. मनाचा हा शोध त्याला वाटेत लागला. दांडा रोज एक-दोन पावले जवळ आला. मोती शरीर आखडून घेई तेव्हा आम्ही पुन्हा मागे सरकत असू. पंधरा दिवसांची मुदत संपली ती दांडा अजून लांबच असताना. घरच्यांनी आपण होऊन आणखी एक महिना दिला.

मग त्याने नातवाला जत्रेतला पत्र्याचा बेडूक आणायला सांगितले, दाबला की टिक-टिक वाजणारा. मला ही थट्टा वाटली. पण अमेरिकेचा मानसशास्त्रज्ञ स्किनर याने १९५१ साली प्राणी कसे शिकवावेत यावर जो लेख लिहिला, त्यात असेच टिकटिकणारे खेळणे वापरायला सांगितले आहे. कारण असे: कुत्रा बसतो, तुम्ही खिशात हात घालता, तुकडा काढता, तोवर तो उठलेला असतो, मग बक्षीस मिळते ते उठण्याचे. टिक मात्र नेमकी बसण्याच्या क्षणी वाजवता येते. स्किनरचे शिष्य केलर आणि मॅरियन ब्रेलंड या पतिपत्नींनी कोंबड्या, डुकरे, सशांपर्यंत सर्वांना याच रीतीने शिकवून त्याचा धंदा केला. कॅरेन प्रायरने १९६३ पासून हवाईमध्ये डॉल्फिन शिकवले. पाण्यातल्या डॉल्फिनला साखळी लावणार कोठे? तिचे गाजलेले पुस्तक १९८४ चे. म्हणजे ससाण्याचीच गोष्ट, आकाशाऐवजी समुद्रात.

या पंथालाही मर्यादा आहेत, आणि त्या ब्रेलंड दांपत्यानेच १९६१ साली प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या. लाकडी नाणी पेटीत टाकायला शिकवलेले डुक्कर काही आठवड्यांनी नाणे वाटेतच टाकून नाकाने उकरू लागे, बक्षीस बुडाले तरी. जातीचा स्वभाव बक्षिसाला पुरून उरतो. मोती अजूनही उपरणे पाहिले की अस्वस्थ होतो.

आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप वेगळा होता: "ही तर लाच झाली." शिष्य म्हणाला, "काकू, तुकडा आधी दाखवला तर लाच. काम झाल्यावर दिला तर मजुरी." नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ती कथा मग निघाली. शिष्य हसून म्हणाला की तेथे कुत्र्यानेच संताला छान शिकवले होते.

एका संध्याकाळी चहा घेताना मी त्याला विचारलेच. "अरे, तुला मी मारले होते का रे?" तो म्हणाला, "दोनदा, सर. पानिपतच्या सालावरून. साल अजून पाठ आहे, १७६१, चौदा जानेवारी." थोडे थांबून तो म्हणाला, "त्यानंतर इतिहासाचं पुस्तक काही मी हातात धरलं नाही. आता तुम्ही सांगता ते ऐकायला बरं वाटतं." त्याने चहा संपवला आणि तो मोतीकडे वळला. मी त्याला काय उत्तर द्यायचे ते मला त्या दिवशी सुचले नाही, अजून सुचलेले नाही.

शास्त्रज्ञांनी या गोष्टी मोजूनही पाहिल्या आहेत. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. झटके व दरडावणी यांवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत धड्यानंतर ताणाचे द्रव्य अधिक सापडले, आणि ते कुत्रे जांभया देणे, ओठ चाटणे, अंग चोरणे असे ताणाचे चाळे अधिक करीत. मोती आमच्या अंगणातल्या त्या प्रात्यक्षिकाच्या वेळी सारख्या जांभया देत होता. आम्ही म्हणालो होतो, बिचारा प्रवासाने दमला.

गेल्या आठवड्यात पुन्हा दिवाळीची साफसफाई निघाली. मी खुर्चीवर बसून नातवाला वसुबारस समजावून देत होतो. सौभाग्यवतींनी लांब दांड्याचा झाडू उचलला आणि माजघराच्या कोपऱ्याला लावला. मोती ओसरीवर होता. तो उठून आत आला, झाडूच्या बरोबर खाली जाऊन बसला आणि वर, दांड्याकडे नव्हे, त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहू लागला. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात धुतले, आणि त्या स्वयंपाकघरात भाकरीचा तुकडा आणायला गेल्या. बेडूक नातवाच्या दप्तरात राहिला होता, त्यामुळे टिक काही वाजली नाही. मोती बसूनच होता.